चेनच्या स्पोर्ट्स बारमध्ये बर्गर घ्यावा का, की तिथे विंग्जच बरे?

तुम्ही विचारलंय की बेळगावहून बंगळूरला मित्रांकडे चाललाय, ते मॅच बघायला चेनच्या स्पोर्ट्स बारमध्ये नेणार आहेत, तुम्ही पीत नाही, मग तिथला महाग बर्गर घेण्यात अर्थ आहे का.

घ्या, बिनधास्त घ्या. फक्त हाफटाइमला मागवू नका.

मी खानापूरचा. दुबईत एका अमेरिकन स्पोर्ट्स बारच्या चेनमध्ये ग्रिलवर होतो. असल्या जागी विंग्जचा, म्हणजे कोंबडीच्या तळलेल्या पंखांचा, मान मोठा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये १९६४ साली ते सुरू झाले असं मानतात, आणि १९८२ ला ओहायोत निघालेली बफेलो वाइल्ड विंग्ज ही चेन तर त्यांच्याच जिवावर वाढली. म्हणून लोक बर्गरला दुय्यम समजतात. माझं मत उलटं आहे. विंग्ज फ्रायरमध्ये सोडले की टायमर वाजायची वाट बघायची. बर्गरला समोर माणूस उभा लागतो.

हे मी आमच्या दाजींना कितीदा सांगितलं. आक्काच्या घरी, शहापुरात, पंक्तीत सगळ्यांदेखत म्हणाले, "त्यात काय की, पाकीट फोडायचं आणि तव्यावर टाकायचं. तुला स्वयंपाक कुठं येतोय? आणि जे तू स्वतः खात नाहीस त्याची चव तुला काय कळणार?" पॅटी, म्हणजे बर्गरमधली खिम्याची टिक्की, गोठवलेली यायची, हे खरं. ती बीफची असायची आणि मी ती खात नाही, हेही खरं. पण चव बघता येत नाही म्हणूनच डोळे आणि कान तयार झाले.

१८ डिसेंबर २०२२ ला वर्ल्ड कपची फायनल होती, अर्जेंटिना आणि फ्रान्स. कतार शेजारीच, त्यामुळे दुबईत मॅच संध्याकाळी सातला. हाफटाइमला अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, सगळा हॉल खुशीत, आणि त्या पंधरा मिनिटांत ऑर्डरच्या तिकिटांचा प्रिंटर थांबायलाच तयार नाही. मॅनेजर ओरडतोय, तवा भर, तवा भर. मी भरला नाही. गार पॅट्या एकदम गच्च टाकल्या की तवा थंड पडतो, पॅटीला पाणी सुटतं आणि ती भाजायच्या ऐवजी उकडते. मी मध्ये बोटभर जागा ठेवूनच लावत राहिलो. कडा तपकिरी झाल्या, वर लालसर थेंब येऊन थांबले, की उलटायची, आणि एकदाच. उलथन्याने दाबायची नाही, दाबली की चरबी तव्यावर जाते आणि गिऱ्हाइकाला भुस्सा मिळतो. मग मधोमध थर्मामीटर, ७१ अंश. अख्ख्या मांसाच्या तुकड्यात जंतू वरच्या अंगाला असतात, खिमा केला की ते आत मिसळतात, म्हणून खिम्याची पॅटी आतपर्यंत तेवढी तापलीच पाहिजे.

आत टीव्ही दिसत नव्हता. ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेने लागोपाठ दोन गोल मारले तेव्हा भिंतीपलीकडून दोनदा असा आवाज आला की माझ्या शेजारचा नेपाळी पोरगा हातातला बन तसाच धरून उभा राहिला. नंतर तिकिटं एकदम बंद. कुणाला खायचं सुचत नव्हतं. ज्यादा वेळेआधी थोडी उसंत मिळाली तशी पुन्हा झुंबड. मॅच ३-३ होऊन पेनल्टीवर गेली तोवर मी तव्यासमोरच होतो. त्या रात्री माझ्या तव्यावरचा एकही बर्गर परत आला नाही. दाजींनी एक तास तिथं उभं राहून दाखवावं, मग पाकिटाबद्दल बोलावं.

तर तुमच्यापुरतं. फुटबॉल असेल तर हाफटाइमच्या वीसेक मिनिटं आधी ऑर्डर द्या, टी-ट्वेंटी असेल तर पंधरावी ओव्हर चालू असताना. ब्रेकमध्ये मागवलात तर शंभर टेबलांच्या मागे रांगेत लागाल आणि आधीच भाजून ठेवलेला मऊ पडलेला बन नशिबी येईल. सॉस वेगळा मागा. आला की लगेच खा, फोटो नंतर. बनची आतली बाजू बघा. लोण्यावर भाजून करकरीत असेल तर आत कुणीतरी नीट काम करतंय.

बेळगावात आरपीडी कॉर्नरला गाडीवर बटाट्याची टिक्की घालून देतात तो बर्गर मलाही आवडतो, पण त्याच्याशी तुलना करू नका. तो पदार्थच वेगळा.

एक सांगायचं राहिलं. बंगळूरला तुमच्या ताटात बहुतेक चिकनची पॅटी येईल. चिकनला चरबी कमी आणि ती ७४ अंशांपर्यंत न्यावी लागते, त्यामुळे जरा दुर्लक्ष झालं की कोरडी पडते. ज्यूसी मिळेलच अशी हमी मी देत नाही. मेनूत चिकन थायची, म्हणजे मांडीच्या मांसाची, पॅटी किंवा मटणाची असेल तर ती घ्या. आणि चीजचे पैसे वेगळे लावतात का ते ऑर्डर देतानाच विचारा.