एटीआरची नोकरी घे, पण कपातीवर तारीख लिहून घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) होऊन दीड वर्ष झालं, एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या विमानावर, को-पायलट म्हणून बोलावणं आलंय, पगार मोठ्या कंपन्यांपेक्षा बराच कमी आणि वर ‘सध्या काही महिने कपात’. घ्यावी, की एअरबसच्या जेट विमानावरच्या नोकरीची वाट बघावी? वर एकाने लिहिलंय की तुझ्यासारखे कमी पैशात जातात म्हणूनच सगळ्यांचे पगार पडतात. मी सहा वर्षं एटीआर उडवलं, आता एअरबस ए-३२० वर कमांडर (मुख्य वैमानिक) आहे. वयाने मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो.

नोकरी घे. दीड वर्ष घरी बसलेल्या दोनशे तासांच्या पायलटचा हात रोज बोथट होत असतो. एटीआर ७२ ला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, पॉवर तूच सांभाळायची. दिवसाला चार-चार लँडिंग, आखूड धावपट्ट्या, जून-जुलैत ढग आणि आडवा वारा. तिथे जे शिकलो त्यावर आजही माझी भिस्त आहे. एटीपीएलचे, म्हणजे कमांडर व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्याचे, १५०० तास तिथेच भरतील, आणि छोट्या कंपनीत कमांड बहुधा लवकर मिळते. खोट एकच: जेट विमानावर जाताना टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता) पुन्हा करावं लागतं, आणि आखाती कंपन्या बहुतेक वेळा जेटवरचे तास मागतात. हे धरूनच चाल.

आता कपात. पगार कमी होणं वेगळं आणि पगार थकणं वेगळं. हा फरक मला फार उशिरा कळला. माझ्या पहिल्या कंपनीत आधी भत्ता कमी केला, तो आम्ही समजुतीने मान्य केला. मग एक तारखेचा पगार दहाला, दहाचा वीसला, मग अर्धाच. ‘कंपनी जगली तर आपण जगू’ म्हणत आम्ही उडत राहिलो. एका सहकाऱ्याने पीएफचं पासबुक उघडलं तेव्हा दिसलं की पगारपत्रकावर कापलेले चार महिन्यांचे पैसे भरलेच नव्हते. त्या दिवशी निघायला हवं होतं. मी आणखी पाच महिने थांबलो, आणि तीन पगार कायमचे बुडाले. घरचं कर्ज वडिलांच्या नावावर होतं. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून दर महिन्याला पीएफचं पासबुक आणि दर तिमाहीला २६एएस (पगारातून कापलेला आयकर खरंच भरला का ते दाखवणारं पत्रक) बघत जा. कंपनीची खरी हालत तिथे आधी दिसते.

मोठं नाव म्हणजे सुरक्षित, असंही समजू नकोस. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे पायलट कित्येक आठवडे बिनपगारी उडत होते आणि १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उतरलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट गेली. छोट्या कंपन्यांचं दुखणं निराळं आहे. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ ही छोट्या शहरांना विमानाने जोडणारी सरकारी योजना सुरू झाली त्याच दिवशी ट्रूजेटने नांदेड-हैदराबाद सुरू केलं. केवढा आनंद होता तेव्हा! फेब्रुवारी २०२२ मध्ये तीच कंपनी बंद पडली. उडानच्या मार्गाला सरकारी मदत साधारण तीन वर्षं मिळते, पुढे तो मार्ग स्वतःच्या तिकिटांवर चालावा लागतो. तेव्हा मुलाखतीत विचार: किती मार्ग त्या मदतीवर आहेत, ती कधी संपते, आणि विमानं किती? तीन विमानांतलं एक मोठ्या मेंटेनन्सला गेलं की तुझे तासही आटतात.

तास आटले की पैसे आटतात, कारण आपला बराचसा पगार तासांवर असतो. पगाराचा आकडा नंतर बघ, आधी हमीचे तास बघ, म्हणजे कमी उडालास तरी महिन्याला किती तासांचे पैसे नक्की मिळतील ते. विस्तारा कंपनीत २०२४ मध्ये एवढा असंतोष झाला तो याच मुद्द्यावर, हमी ७० तासांवरून ४० वर आली म्हणून.

वरच्या सदस्यांचा राग मला समजतो, पण तो या पोरांवर काढणं चूक आहे. हप्ते डोक्यावर असलेला मुलगा पगार पाडत नाही. पगार पडतो तो आपण सीनियर लोक तारीख नसलेल्या कपातीवर मुकाट्याने सही करतो तेव्हा. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत को-पायलटचा तुटपुंजा पगार आणि ड्यूटीसाठी तिने रात्रभर केलेला प्रवास, दोन्ही समोर आलं. आपला पगार प्रवाशांच्या जिवाशी जोडलेला आहे, हे व्यवस्थापनापुढे न लाजता बोलायला हवं.

तर कपात मान्य कर, पण किती टक्के, कुठल्या तारखेपर्यंत आणि नंतर पूर्ववत होणार, हे पत्रात लिहून घे. को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस असते, बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) त्याच्यावर वेगळा. कंपनीने पगार थकवला तर बाँड सुटतो का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहायला लाव. ती पानं नाव झाकून इथे टाक, मी उद्या सुट्टीवर आहे, बसून वाचतो.