बेसबॉलमध्ये एका सीझनला सगळ्यात जास्त वॉक कोणी काढले?

बॅरी बाँड्स, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, 2004, तब्बल 232. पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) चार बॉल झोनबाहेर, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने त्यांवर बॅट फिरवली नाही की तो फुकटात फर्स्ट बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, तो वॉक. त्यातले 120 तर मुद्दाम दिलेले, तेव्हा कॅचर (बॅटरमागचा कीपर) उभा राहून हात बाजूला काढायचा आणि पिचर लांब टाकायचा, म्हणजे बाबा तू जा पण मारू नकोस, आणि अमेरिकेत भित्र्याला कोंबडी म्हणतात म्हणून घरच्या मैदानावर पब्लिक रबराच्या कोंबड्या लटकवायचं 😄 पण नुसती दहशत नव्हती हां, नजर पण तशीच, अख्ख्या सीझनमध्ये स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) फक्त 41 आणि जे थोडे बॉल मिळाले त्यात 45 होमरन, म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखे फटके. दहातनं सहा वेळा गडी बेसवर. स्टेरॉइडचा वाद आहेच, तो वेगळा विषय.