वाचकांचे प्रश्न : ओर्तोना आणि कॅनडाचे सैनिक

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. टोरांटोला राहणाऱ्या माझ्या मुलीने अलीकडे कळवले की तेथील लोक ओर्तोना नावाच्या इटालियन गावातील लढाईचा फार अभिमानाने उल्लेख करतात. ही लढाई नेमकी काय होती? कॅनडाच्या सैनिकांचे शौर्य खरोखर एवढे मोठे होते का, आणि आपल्या सैनिकांचा तिच्याशी काही संबंध होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण घटनाक्रमातही तोच आधी येतो. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिशांचे आठवे सैन्य इटलीच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत होते. किनाऱ्यावरचे पेस्कारा शहर गाठायचे आणि तेथून पश्चिमेला वळून रोमकडे जायचे, असा सेनापती मॉंटगोमरी यांचा बेत होता. वाटेत मोरो ही लहानशी नदी आणि तिच्यापलीकडे ओर्तोनाचे बंदर होते. किनाऱ्यालगत कॅनडाची पहिली डिव्हिजन चालून जात होती आणि तिच्या डाव्या अंगाला आठवी भारतीय डिव्हिजन होती, जिच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. मोरोवर एके ठिकाणी रस्त्याचे वळण इतके अडचणीचे होते की पूल जोडण्यासाठी अलीकडच्या काठावर जागाच मिळत नव्हती, आणि येथे पूल होणे शक्य नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या इंजिनियरांनी दिला होता. भारतीय सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनियरांनी, सामान पलीकडे वाहून नेले आणि शत्रूच्या काठाकडून आपल्या काठाकडे असा उलटा पूल बांधून काढला. ‘अशक्य पूल’ हे त्याचे नाव युद्धाच्या इतिहासात कायम राहिले आहे.

नदी ओलांडली, पण पुढे एक खोल घळ आडवी होती. जर्मनांनी आपली माणसे तिच्या उतारात अशी दडवली होती की तोफगोळे त्यांच्या डोक्यावरून निघून जात. या घळीवर कॅनडाच्या एकामागून एक पलटणी समोरून चालून गेल्या आणि मागे फेकल्या गेल्या. डिव्हिजनचे सेनापती क्रिस व्होक्स यांनी तोच हल्ला तसाच पुन्हा पुन्हा का केला, यावर कॅनडातच बरीच टीका झालेली आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. अखेर १४ डिसेंबरला फ्रेंच भाषक क्विबेकमधील रॉयल २२ व्या रेजिमेंटची एक कंपनी, कॅप्टन पॉल त्रिके यांच्या हाताखाली, रणगाड्यांच्या सोबतीने बगलेकडून घुसली. कासा बेरार्दी नावाच्या शेतघराकडे निघताना कंपनीचे निम्मे लोक पडले आणि त्रिके सोडून सगळे अधिकारीही पडले. शत्रू पुढे, मागे आणि दोन्ही अंगांना आहे, तेव्हा सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे ठरलेले ठिकाण, असे त्रिके यांनी जवानांना सांगितले. दोन सार्जंट, पंधरा जवान आणि चार रणगाडे एवढाच ऐवज उरलेला असताना त्यांनी ते घर घेतले आणि बाकीची पलटण येईपर्यंत राखले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाला.

गावातील लढाई २० डिसेंबरपासून सुरू झाली. लॉयल एडमंटन रेजिमेंट आणि सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा या दोन पलटणी जर्मनांच्या पहिल्या छत्रीसैनिक डिव्हिजनसमोर होत्या. जर्मनांनी गल्लीबोळांतील घरे पाडून ढिगारे रचले होते, त्यांत सुरुंग पेरले होते आणि एकच मोठा रस्ता असा मोकळा ठेवला होता की रणगाडे त्यातूनच यावेत आणि मारले जावेत. रस्त्यावर पाऊल टाकणे म्हणजे मरण, हे पहिल्याच दिवसांत लक्षात आले. तेव्हा कॅनडाच्या सैनिकांनी रस्ता सोडला आणि भिंती धरल्या. येथील घरे एकमेकांना भिंतीला भिंत लावून उभी होती. सैनिक पहिल्या घराच्या माळ्यावर चढत, शेजारच्या घराच्या भिंतीला स्फोटके लावून खाली येत, स्फोट होताच धुरळा बसायच्या आत त्या भगदाडातून पलीकडे हातबॉम्ब फेकत आणि मग टॉमी गन चालवत आत शिरून वरून खालपर्यंत एकेक मजला साफ करीत. ते घर झाले की पुढचा माळा. या पद्धतीला त्यांनी उंदराच्या बिळांचे नाव दिले होते. त्यांना ती जागेवरच, माणसे गमावत आत्मसात करावी लागली. एकदा जर्मनांनी आधीच सुरुंग पेरून ठेवलेले घर एडमंटनच्या एका प्लॅटूनसकट उडवले, त्यात जवळजवळ सगळे गेले, आणि ढिगाऱ्याखालून एक जवान साडेतीन दिवसांनी जिवंत निघाला.

नाताळच्या दिवशीची हकिगत कॅनडात मुलांनाही ठाऊक असते, आणि ती खरी आहे. लढाई चालू असलेल्या घरांपासून काही शे यार्डांवरच्या सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली या चर्चमध्ये सीफोर्थच्या लोकांनी टेबले मांडली आणि त्यांवर पांढरी कापडे अंथरली. एकेक कंपनी आघाडीवरून आळीपाळीने येई, सूप, भाजलेले डुकराचे मांस, बटाटे, फ्लॉवर आणि पुडिंग खाई, एक बाटली बिअर पिई आणि परत त्याच भिंतींकडे जाई. संदेशवहनाचा एक अधिकारी चर्चमधला ऑर्गन वाजवत होता.

२८ डिसेंबरच्या सकाळी जर्मन रात्रीतून निघून गेल्याचे दिसले. गावात एडमंटनचे ६३ आणि सीफोर्थचे ४१ जण मारले गेले होते, आणि त्या महिनाभरात डिव्हिजनची मृत, जखमी व बेपत्ता मिळून २,३३९ जणांची हानी झाली, त्यांपैकी ५०२ मृत होते. गावातील तेराशेहून अधिक नागरिक मेले, ही गोष्ट शौर्यकथांत फार वेळा एका ओळीत उरकली जाते. भारताशी नाते सांगणाऱ्या संत थॉमसचे अवशेष जेथे १२५८ पासून असल्याचे मानले जाते, त्या ओर्तोनाच्या कॅथेड्रलचा घुमटही या लढाईत अर्धा कोसळला.

एवढे करून हाती काय आले, हे विचारणे म्हणजे त्या सैनिकांचा अवमान नव्हे. पेस्कारा त्या हिवाळ्यात हाती आले नाही, चिखल आणि पावसाने आघाडी वसंतापर्यंत तेथेच रुतली, आणि मॉंटगोमरी वर्षअखेर इटली सोडून फ्रान्समधील नॉर्मंडीवरच्या चढाईच्या तयारीला गेले. ओर्तोना निकराने राखण्याचा आमचा बेत नव्हता, पण इंग्रजांनी त्याला रोमइतके महत्त्व आणून ठेवले, अशी तक्रार इटलीतील जर्मन सरसेनापती केसेलरिंगने खुद्द केली होती. शौर्य मात्र खरे होते. त्या वेळी कॅनडाकडून परदेशात लढणारा प्रत्येक सैनिक, आपल्या सैनिकांप्रमाणेच, स्वेच्छेने भरती झालेला होता, आणि घळीवर पाठवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला नाही त्यांनीच तो निभावला.

तुमच्या आजोबांविषयी शोध घ्यायचा असेल, तर आधी त्यांच्या कागदपत्रांवर बटालियनचा क्रमांक पाहा. पहिली असेल, तर ते आठव्या डिव्हिजनमध्ये म्हणजे मोरोच्या काठी कॅनडाच्या शेजारी असण्याची शक्यता आहे. सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे. तिसरी असेल, तर ते १९४४ मध्ये इटलीत आलेल्या दहाव्या डिव्हिजनमध्ये, व्हिक्टोरिया क्रॉसचेच मानकरी यशवंत घाडगे यांच्यासोबत, वरच्या टायबर खोऱ्यात असतील. ओर्तोनाजवळच्या मोरो रिव्हर दफनभूमीत कॅनडाचे १,३७५ सैनिक आहेत. आपल्या दहन झालेल्या जवानांचे स्मारक मात्र दक्षिणेला सांग्रो नदीच्या युद्धस्मशानात आहे, तेव्हा मुलीने तिकडे जायचे ठरवले, तर तिला दोन्ही ठिकाणे पाहावी लागतील.