मिसिसागाला येताय, मुलाला ज्युनियर हॉकी खेळायची आहे: आधी तारखा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ११ वर्षांचा, येत्या नोव्हेंबरात १२ पूर्ण करेल. पुण्यात चार वर्षं इनलाइन स्केटिंग आणि रोलर हॉकी. जुलैत कुटुंब कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागाला येतंय. त्याला ओंटारिओ प्रांतात ज्युनियर आइस हॉकीपर्यंत (साधारण १६ ते २० वयाच्या खेळाडूंच्या लीगपर्यंत) पोचता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

इथे वयोगट ३१ डिसेंबरच्या वयावरून ठरतो. सप्टेंबरात सीझन सुरू होईल तेव्हा तो यू-१३ मध्ये, म्हणजे १३ वर्षांखालच्या गटात असेल, तेही त्या गटाच्या दुसऱ्या वर्षात. जानेवारीत जन्मलेली मुलं त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी असतील, आणि या वयात दहा महिने म्हणजे उंची-वजनाचा चांगलाच फरक. ओएचएल, म्हणजे ओंटारिओची सर्वांत वरची ज्युनियर लीग, मुलं निवडते ती ज्या सीझनमध्ये ती १५ वर्षांची होतात त्याच्या शेवटी. म्हणजे तुमच्या हातात चार सीझन आहेत.

या चारांत पहिला सर्वांत मोलाचा. यू-१३ पर्यंत बॉडी चेकिंगला, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवण्याला, २०१३ पासून देशभर बंदी आहे. त्यापुढच्या गटांत वरच्या स्तरांवर ते सुरू होतं. अंगावर धडका न घेता बर्फावर उभं राहायला शिकायचं हे एकच वर्ष आहे. म्हणून पहिल्या वर्षी ट्रिपल ए, म्हणजे सर्वांत वरच्या स्पर्धात्मक स्तराच्या, संघाच्या मागे लागू नका. त्यांच्या निवड चाचण्या वसंतात होतात, जुलैत संघ भरलेले असतात. आणि जागा मिळालीच तरी मुलगा बाकावर बसून राहील. हाउस लीगमध्ये, म्हणजे स्थानिक क्लबच्या हौशी लीगमध्ये, नाव घाला. तिथे सगळ्यांना जवळपास सारखा खेळ मिळतो आणि खर्चही ट्रिपल एच्या मानाने फार कमी असतो. तिथेही जागा संपतात, तेव्हा भारतातूनच ईमेल करून ठेवा. नोंदणीआधी एका पालकाला ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, आणि ‘रोवन्स लॉ’ या ओंटारिओच्या कायद्याखाली मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची माहिती दर वर्षी वाचून सही द्यावी लागते. ते फॉर्म म्हणून उरकू नका, नीट वाचा.

इनलाइनचं काय उपयोगी पडेल? तोल, क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), डोकं वर ठेवून स्टिक चालवणं. अडेल ते थांबणं. बर्फावर पातं आडवं करून, गुडघे खोल वाकवून, पृष्ठभाग खरवडत थांबायचं असतं. इनलाइनवाली मुलं गुडघे ताठ ठेवतात, चाकांवर जोर देतात तसा पात्यावर देतात आणि पडतात. शिवाय प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. बाहेरच्या कडेवर विश्वास बसायला महिने लागतात. सीझनबाहेरही आठवड्याला दोनदा पालिकेच्या रिंकवर पब्लिक स्केटिंगला न्या. आइस हॉकीच्या पकचं (चेंडूऐवजी वापरतात त्या रबरी चकतीचं) वजन साधारण १७० ग्रॅम असतं, रोलर हॉकीच्या हलक्या पकपेक्षा जड, म्हणून पास सुरुवातीला आखूड पडतील.

सामानात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘वाढत्या अंगाचे’ स्केट्स घेणं. हॉकी स्केट बुटाच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. बोटं पुढे जेमतेम टेकावीत, टाच जराही उचलू नये. सैल स्केटमध्ये घोटा आत कलतो आणि कड कधी लागतच नाही. नवे स्केट धार लावल्याशिवाय वापरता येत नाहीत, हे बऱ्याच जणांना पहिल्या दिवशी रिंकवरच कळतं. धारेच्या खोबणीची त्रिज्या शिकाऊ मुलाला ५/८ इंच मागा; १/२ इंचाची खोबण जास्त खोल असते, म्हणून जास्त पकडते आणि थांबायला अवघड जाते. पुढे दर १०-१५ तासांनी धार लावा. स्टिक स्केट न घालता नाकापर्यंत यावी. फ्लेक्स, म्हणजे स्टिकच्या ताठपणाचा आकडा, साधारण वजनाच्या पौंडांच्या निम्मा; मूल ४० किलोचं असेल तर ४० च्या आसपास, आणि कापल्यावर स्टिक ताठ होते हे लक्षात ठेवा. पॅड आणि पँट जुने चालतील. हेल्मेट मात्र नवं, सीएसएचं (कॅनडाच्या मानक संस्थेचं) स्टिकर असलेलं, पूर्ण जाळीचं घ्या. गळ्याचा पट्टा सक्तीचा आहे.

आता पुढचं. ओएचएलमध्ये २० संघ आहेत, त्यांतले ३ अमेरिकेत. १६ व्या वर्षी बहुधा घर सोडून दुसऱ्या गावी यजमान कुटुंबाकडे राहावं लागतं, वर ६८ सामने आणि शाळा. हा एकच रस्ता नाही. ओएचएलच्या खालच्या पायरीच्या ज्युनियर ए लीगमधून २० वर्षांपर्यंत खेळून अमेरिकन विद्यापीठांत जाता येतं. पूर्वी ओएचएल खेळलं की एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धांचं, दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही करता येतं. म्हणजे ड्राफ्ट (ओएचएलची ती निवड) हुकला म्हणून सगळं संपत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैंस एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये कुणीच निवडला नव्हता. २०२१-२२ मध्ये त्याने डब्ल्यूएचएलमध्ये (ओएचएलच्याच तोडीच्या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये) सर्वाधिक, ११२ गुण मिळवले आणि २०२४ मध्ये तो व्हँकुव्हरकडून एनएचएलमध्ये उतरला. मात्र तो लहानपणापासून बर्फावर होता. तुमचा मुलगा १२ व्या वर्षी सुरू करतोय, तेव्हा ओएचएल अवघड आहे, ज्युनियर ए मात्र जमण्याजोगं.

महागड्या खासगी हॉकी अकादम्या ‘जागा नक्की’ म्हणत फोन करतील. पहिली दोन वर्षं नको म्हणा.

निघेपर्यंत पुण्यात त्याच्याकडून रोज पंधरा मिनिटं उलटं स्केटिंग करून घ्या, दोन्ही दिशांना वळत. डावीकडचं वळण सोपं जातं म्हणून मुलं उजवीकडचं टाळतात. जन्मदाखला इंग्रजीत घ्या, आणि स्केट तिथे मुळीच विकत घेऊ नका.