बटाट्याची भाजी गिच्च का होते, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी भरताबद्दल लिहिलं तेव्हाच सांगितलं होतं की पुढची पाळी बटाट्याची, तर एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, म्हणून जे तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत तेच घेतलेत. मी वीस-बावीस वर्षं डबे करतेय, त्यात आठवड्यातून दोनदा तरी बटाटा असतोच, आणि माझं मत असं झालंय की ही भाजी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे, मसाल्यामुळे नाही. खाली वाचाल तर तुम्हालाही दिसेल.

चोपड्याहून एक ताई विचारतात: उकडून केलेली सुकी भाजी दरवेळी गिच्च होते, लगदा होतो. बटाटे तेच, मसाला तोच, मग बहिणीची मोकळी होते आणि माझी का नाही?

ताई, आधी बटाटा बघा. होळीच्या आसपास बाजारात नवा बटाटा येतो, अंगठ्याने नुसतं घासलं तरी साल निघते असा. त्याच्यात पाणी जास्त असतं आणि तो कुस्करला की चिकट होतो. तो रश्श्याला छान, कापांना चालतो, पण मोकळ्या भाजीला जुना, जाड सालीचा, हाताला कोरडा लागणारा बटाटा घ्या.

दुसरं म्हणजे उकडणं. बटाटे सोलून, फोडी करून कुकरच्या पाण्यात टाकत असाल तर ते थांबवा, फोडी पाणी पितात. अख्खे, सालीसकट, एकसारख्या आकाराचे घ्या, कुकरच्या तळाला पाणी आणि बटाटे वरच्या भांड्यात कोरडे ठेवा, मध्यम आकाराला तीन शिट्ट्या पुरतात. सुरी टोचली की आत जावी पण बटाटा फुटू नये. साल तडकून आतलं पांढरं बाहेर आलं असेल तर समजा जास्त झालं.

आणि तिसरं, जे कोणी करत नाही, ते म्हणजे गार होऊ देणं. गरम बटाटा कुस्करला किंवा उलथन्याने ढवळला की त्यातला स्टार्च बाहेर येतो आणि खळीसारखा चिकट होतो. तोच बटाटा ताटात पसरून तासभर ठेवला की घट्ट बसतो. मग सुरी घेऊच नका, हातानेच मोडा, म्हणजे कडा खडबडीत होतात आणि त्या खडबडीत कडांना फोडणी धरते, सुरीने कापलेल्या गुळगुळीत फोडीवरून तेल घसरून जातं. माझ्या सासूबाई यावलच्या, त्या बटाटा मोडताना अंगठ्याने असा दाबायच्या की एका बटाट्याचे सहा-सात ओबडधोबड तुकडे व्हायचे, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. भाजी खाताना कळायचं ते कशासाठी.

फोडणीत अर्धा किलोला चार चमचे शेंगदाण्याचं तेल, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, ठेचलेला लसूण (दहा-बारा पाकळ्या, कमी नको), हिरवी मिरची, हळद. मीठ फोडणीतच घाला, तेलातून ते सगळीकडे जातं, नंतर वरून भुरभुरलं की ते कालवायला परत ढवळावं लागतं. बटाटे टाकल्यावर खालून वर दोनदाच उलटा आणि मग हात लावू नका, पाच मिनिटं बुडाला लागू द्या.

अमळनेरहून एक दादा: रस्सा भाजीत बटाटा अर्धा तास शिजवला तरी कडकच राहतो. आमच्या घरी चिंच लागतेच.

दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. आंबट पडलं की बटाटा शिजायचा थांबतो, कारण त्याच्या पेशींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात लवकर विरघळत नाही. मग चिंच असो, टोमॅटो असो, दही असो. आमच्या घरच्या एका साखरपुड्याला आचाऱ्याने साठ माणसांच्या रश्श्यात चिंचेचा कोळ आधीच ओतला होता, पंगत बसायची वेळ झाली तरी फोडी दाताखाली कच्च्या, शेवटी फोडी झाऱ्याने काढून साध्या पाण्यात वेगळ्या उकळाव्या लागल्या. तेव्हापासून माझा नियम असा की बोटाने फोड मोडली की मगच चिंच, आणि ती टाकल्यावर पाचच मिनिटं उकळी.

धुळ्याहून: काळ्या मसाल्याचा रस्सा करते पण तर्री येत नाही आणि चव कडवट लागते. तेल वाढवून बघितलं, तरी तेच.

या प्रश्नावर मला जरा जास्त बोलायचंय कारण खान्देशी रस्सा म्हणजे नुसतं तिखट आणि तेल असं बाहेर समजतात आणि आता आपल्या घरांतही तसंच व्हायला लागलंय. तर्री तेल ओतून येत नाही हो, ती मसाल्यातलं पाणी आटलं की येते.

अर्धा किलो बटाट्याला दोन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं. कांदा सालीसकट थेट गॅसवर, निखारे असतील तर निखाऱ्यावर, बाहेरून काळा आणि आतून मऊ होईपर्यंत भाजा, मग ती जळकी साल काढून टाका, कडवटपणा बऱ्याचदा तिच्यामुळेच येतो. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर फिरवा, ते स्वतःचं तेल सोडतं आणि पेट घेतं, घाबरू नका, फुंकर मारून विझवा, पण रंग चॉकलेटीच ठेवा. कोळसा झाला तर ते खोबरं फेका, गूळ घालून सुधारायला जाऊ नका. हे दोन्ही, आल्याचा तुकडा, आठ-दहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर आणि दोन चमचे भाजलेले शेंगदाणे, शक्य तितकं कमी पाणी घालून बारीक वाटा. पाटा असेल तर फारच छान, मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं एवढाच फरक.

आता कढईत तेल तापवा, वाटण टाका आणि गॅस मध्यम करून परतत राहा, दहा-बारा मिनिटं तरी. आधी ते तडतडतं, मग गप्प होतं, कढईचं बूड दिसायला लागतं आणि कडेने तेल सुटतं. तिखट आणि काळा मसाला आता टाकायचा, गॅस एकदम बारीक करून. बहुतेक जणी तिखट सुरुवातीलाच कडकडीत तेलात टाकतात, तिथे ते काही सेकंदांत जळतं आणि कडू होतं. वाटणात तेवढा ओलावा असतो म्हणून जळत नाही, आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून एक मिनिट तेलात परतलं की लाल तवंग आपोआप मिळतो. मिरची नंदुरबारची मिळाली तर बघाच, तिथला मिरचीचा बाजार उगाच नावाजलेला नाही.

मग सालं काढलेल्या कच्च्या फोडी, मीठ, आणि उकळतं पाणी. उकळतंच. गार पाणी ओतलं की सगळं थंडावतं आणि तवंग मोडतो. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर शिजवा. रस्सा पातळ वाटला तर त्यातल्याच दोन फोडी कढईच्या कडेला दाबून कुस्करा, बेसन लावू नका. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असली तर मला दुसरं काही लागत नाही.

मूळची शहाद्याची, आता पुण्यात हॉस्टेलला असलेली एक मुलगी: काचऱ्या तव्याला चिकटतात, बाहेरून काळ्या होतात आणि गोड लागतात. बटाटे खराब आहेत का?

बटाटे फ्रीजमध्ये ठेवतेस ना गं? थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून गोड लागतात आणि साखर असल्यामुळे शिजायच्या आधीच काळ्या पडतात. बाहेर, अंधारात, हवा लागेल अशा टोपलीत ठेव आणि एका वेळी किलोभरच आण.

चिकटण्याचं कारण काचऱ्यांवरचा स्टार्च. चिरल्यावर दोन पाण्यांतून धू, मग सुती कापडावर पसरून अगदी कोरड्या कर. तवा आधी तापू दे, मग तेल, मग काचऱ्या. मीठ इथे मात्र अर्धवट शिजल्यावर, आधी घातलं तर पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी उकडतात. चार मिनिटं झाकण, नंतर उघड्यावरच. शेवटी लसूण-तिखट ठेचून वरून टाक.

भुसावळहून: मे महिन्यात डब्यातली बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते, काय करू?

आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, त्या दिवसांत उकडलेल्या बटाट्याची भाजी डब्यात देऊच नका, हे मी स्पष्ट सांगते. ओला, मऊ पदार्थ बंद डब्यात कोमट राहिला की जंतू भराभर वाढतात. आदल्या रात्री उकडून ओट्यावर ठेवलेले बटाटे तर वापरूच नका. त्याऐवजी वर सांगितलेल्या काचऱ्या द्या, ओलं खोबरं आणि कांदा न घालता, आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. झाकणाखाली जमलेले वाफेचे थेंब परत भाजीत पडतात आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते.

पाचोऱ्याहून: हिरवट झालेला, कोंब आलेला बटाटा चालतो का?

कोंब बारीक असतील आणि बटाटा टणक असेल तर खोलवर कोरून काढा, चालतो. सालीखाली हिरवं असेल तर तो भाग जाड कापून टाका, तिथे सोलानीन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवून जात नाही. सगळाच हिरवा, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा असेल तर टाकून द्या, लहान मुलांना तर अजिबात नको.

शेवटचा, जळगावच्या एका काकूंचा: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी पंचवीस माणसं आहेत, लेकी-जावई सगळे. आमरसासोबत बटाट्याची सुकी भाजी करायची तर किती बटाटे घेऊ?

काकू, रस, कुरडया आणि मांडे असताना तीन किलो पुरतात, भाजी फक्त तोंडी लावायला असते. पण तीन किलो एका कढईत करू नका, खालच्या बटाट्यांवर वरच्यांचं वजन पडून लगदा होतो, दोन घाण्यांत करा. बटाटे सकाळी लवकर उकडून ताटात पसरा आणि फोडणी पंगतीच्या अर्धा तास आधीच घाला. रस गोड असतो म्हणून मिरची नेहमीपेक्षा दोन जास्त आणि वरून लिंबू. आणि कढईच्या बुडाला जी खरपूस खरवड लागते ती उलथन्याने काढून वाटीत बाजूला ठेवा, झोक्यावरून उशिरा जेवायला येणाऱ्या लेकींसाठी.