विरलेलं डेनिम जॅकेट: तसंच नवीन घरच्या मशीनवर शिवता येईल का?

येतं की! फक्त जुनं जॅकेट टाकू नका, तोच तुमचा पॅटर्न. एकच बाजू उसवा. दुसरी तशीच ठेवा, म्हणजे शिवताना अडलं की जोडणी बघता येते. उसवलेले भाग इस्त्री करून खाकी कागदावर उतरवा, उभा धागा (कापडाच्या काठाला समांतर जाणारा) खुणावून ठेवा. कोपराशी कापड ताणून फुगलेलं असतं, तिथली रेघ जशीच्या तशी घेऊ नका.

कापड नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजारात बघा. 8 ते 10 औंसाचं (म्हणजे चौरस यार्डामागे तेवढं वजन) पुरे. 14 औंसाचं दिसतं झकास, पण चार पदर एकत्र आले की घरचं मशीन रडतं. आणि बेतण्याआधी दोनदा धुवा! सुती डेनिम आटतं, नीळ सुटते ती वेगळीच. मी घाईत कोरंच बेतलं होतं. पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. आता ते जॅकेट भाची मिरवते. नागपूरच्या उन्हात वाळायला वेळ तो किती लागतो, तेवढाही धीर नव्हता.

सुई 16 नंबरची, टाका 3.5 ते 4 मिलिमीटर. जाड नारिंगी दोरा फक्त वरून, बॉबिनमध्ये साधाच. जाड जोड आधी हातोडीने ठोकून बसवा आणि तिथे चाक हातानेच फिरवा, नाहीतर सुई मोडलीच समजा. धातूची जुनी बटणं धड निघत नाहीत, नवीच आणा.