तीन वर्षं सतरंज्याच घालतोय, मोठी सेवा कधी मिळेल?

तुमचा प्रश्न असा: दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्च झाडतो, सतरंज्या घालतो, पण उपदेशाची संधी माझ्या मागून आलेल्यांना मिळते, मग ‘जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू’ हे वचन माझ्या बाबतीत कधी खरं होणार?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, पंचवीस-तीस घरांची, बहुतेक कापूस-तुरीवाले आणि मजूर. तुम्ही म्हणता ते वचन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, लूक १६:१० चं. त्याच्या आधीची गोष्ट धन्याच्या मालाची उधळपट्टी करणाऱ्या कारभाऱ्याची आहे, आणि पुढच्या दोन वचनांत येशू पैशाबद्दल आणि दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूंबद्दल बोलतो. म्हणून मीही तुम्हाला पैशाचीच गोष्ट सांगतो, माझी स्वतःची.

एकोणीस वर्षांचा असताना दानाची वही माझ्याकडे आली. उपासनेनंतर दोघांनी मिळून दान मोजायचं, मी आकडा लिहायचा आणि डबा कपाटात ठेवायचा. एका सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायला तालुक्याला जायचं होतं आणि एसटीपुरतेही पैसे नव्हते. डब्यातले पन्नास रुपये घेतले. बुधवारी आईने निंदणाच्या मजुरीतून दिले, ते परत ठेवले. मधल्या मंगळवारी मंडळीतले एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) कंदिलाच्या तेलासाठी डबा उघडून गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“पैसे तं आले बाबू. वहीत काहून नाही आले?”

मी म्हटलं, दोन दिवसांत भरले ना. ते काही बोलले नाहीत. वही उघडून पेन माझ्या हातात दिला. मी लिहिलं: ५० घेतले, ५० परत. खाली सही केली. मला वाटलं आता वही जाणार. त्यांनी ती माझ्याकडेच ठेवली. ते रागावले असते तर मी रडलो नसतो. त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडत गेलो.

त्यानंतर आजवर एकही रुपया वहीबाहेर राहिला नाही. पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी लोक ज्वारी, तूर, कापसाचं बोचकं, कोंबडी, कोहळं असं काही ना काही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा हर्रास होतो. कोंबडी कितीत गेली, कोणाची उधारी राहिली, सगळं लिहितो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावची एक बाई रात्री दारात उभी राहिली. आमच्या मंडळीतली नव्हे, ख्रिस्तीही नव्हे. नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला होता, तेरवी होऊन आठवडा झाला होता. पिशवीत सोसायटीचे, बँकेचे कागद आणि सावकाराच्या चिठ्ठ्या. म्हणाली, “भाऊ, तुमी कोंबडीचाबी हिसाब लिवून ठेवता म्हनतात. हे कागदं पाहून द्या न.”

सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवण्यापासून सुरुवात केली. तलाठी, तहसील, बँक, पुन्हा तहसील. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मंडळीने मला यासाठी कोणतंही पद दिलेलं नाही, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे.

आता बायबलमधल्या मत्तय २५ मधला दाखला वाचा. त्यात परदेशी निघालेला धनी तीन दासांना पाच, दोन आणि एक तालांत सांभाळायला देतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि दिनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एकाच तालांतात वीस वर्षांच्या आसपासची मजुरी. पाच तालांत मिळालेल्या दासाकडे शंभर वर्षांची झाली, आणि धनी त्याला म्हणतो, तू ‘थोड्या’ गोष्टींत विश्वासू राहिलास! त्या धन्याचं थोडं आणि आपलं थोडं एका मापाने मोजता येत नाही. दोन तालांतवाल्यालाही ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ हेच शब्द मिळाले. आणि दोघांनाही मिळालं ते आणखी काम, आणि धन्याच्या आनंदात जागा.

तिसऱ्या दासाने तालांत पुरला, कारण धनी कठोर आहे असं त्याने मनात धरलं होतं. तुमचा प्रश्न वाचताना मला ही भीती वाटली, म्हणून स्पष्ट लिहितो. सतरंजी घालताना मनात पाळकांविषयीचा (मंडळीच्या धर्मगुरूंविषयीचा) आणि देवाविषयीचा हिशोब चालू असेल, तर तो हिशोब आधी देवापुढेच उघडा करा.

पण चूक सगळी तुमचीच, असं मी म्हणत नाही. हे वचन तोंडावर फेकून तरुणांना वर्षानुवर्षं झाडूच हातात देणारी मंडळीही मी पाहिली आहे. ते योग्य नव्हे. पाळकांना भेटा, सरळ विचारा: मी शास्त्रपाठ वाचू का, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवू का? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या जेवणाच्या वाटपासाठी नेमलेल्या सातांत स्तेफन आणि फिलिप्प होते. फिलिप्पाने पुढे शोमरोन या भागात लोकसमुदायाला ख्रिस्त सांगितला, आणि मग देवाने त्याला त्या गर्दीतून उठवून एका ओसाड वाटेवर रथात बसलेल्या एकाच माणसाकडे पाठवलं. मोठी सेवा म्हणजे मोठी गर्दी, हे मी ही गोष्ट वाचल्यापासून मनातून काढून टाकलं.

आणि तोवर एक करा. जो सतरंजी घालतो त्याला कोणाची जागा रिकामी राहिली ते सगळ्यांच्या आधी दिसतं, व्यासपीठावरून बोलणाऱ्यालाही दिसत नाही इतकं. तुमच्या मंडळीतलं कोणतं घर गेले तीन रविवार आलं नाही? या आठवड्यात तिकडे जाऊन या. दिवे लागणीनंतर जा, तेव्हा लोक वावरातून परतलेले असतात.